वयाने मोठा विद्यार्थी
(भाषणाचा मजकूर)

लग्नामुळे शाळा सुटलेली सून आणि वडिलांच्या आजारपणात दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा, चिंचवडच्या या उद्योगनगरीत दोघेही घरोघरी भेटतात. पुन्हा परीक्षेला बसावे असे त्यांना मनापासून वाटते. त्यांना अडवतो तो अभ्यास नव्हे, "आता या वयात?" हा घरातलाच प्रश्न.

महर्षी धोंडो केशव कर्वे किशोरवयात परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्यास गेले. वय लहान दिसते म्हणून त्यांना बसू दिले नाही. पुढे मुंबईच्या रॉबर्ट मनी या मिशनरी शाळेत शिकून १८८१ साली, तेविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. १८८४ साली पदवीधर झाले. त्यांच्या द्वितीय पत्नी आनंदीबाई यांनी तर वैधव्यात, विशी उलटल्यावर, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिक्षणास आरंभ केला. वय आड आले नाही, कारण कोणीतरी दार उघडे ठेवले होते.

आज दारे अधिक आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश दिला आणि प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेण्यास खाजगी शाळांनाही मनाई केली. त्यापुढील वयाच्या व्यक्तीस राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज मुदतीत भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातही कमाल वयाची अट नाही.

तयारीचे म्हणाल, तर सामायिकाच्या ४८ मिनिटांचे आसन ज्याला साधले, त्याच्यापाशी विद्यार्थ्याची निम्मी शिदोरी आहेच. तेवढीच एक बैठक रोज अभ्यासास द्यावी. गणित व इंग्रजीचा पाया जिथे कच्चा राहिला, त्या इयत्तेपासून निःसंकोच आरंभ करावा. नंतर जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात, कारण लिहिण्याची सुटलेली सवय हीच मोठ्या विद्यार्थ्याची खरी अडचण असते.

उरलेले काम कुटुंबाचे. दुसऱ्याच्या ज्ञानार्जनात अंतराय आणणे हे ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाचे कारण होय, असे तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय सांगतो. सुनेच्या अभ्यासाच्या वेळी सासूबाईंनी स्वयंपाकघर सांभाळणे ही त्या अंतरायाची निर्जरा आणि ज्ञानाची खरी पूजाच ठरेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टनेही सायंकाळी एक खोली अशा विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. ज्ञानपंचमीस आपण पोथ्यांची पूजा करतो. त्या उघडणाऱ्या हातांचाही सन्मान व्हावा.