स्वागताध्यक्षांचे भाषण : ज्ञान उंबरठ्यापर्यंत न्यावे

सन्माननीय अध्यक्षमहाराज, दंतवैद्यकातील विद्वज्जन, आशा भगिनी आणि उपस्थित सभाजनहो,

लोणावळ्यात भरलेल्या या मुखारोग्य परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी जिने उराशी जतन केली आणि जिच्या बोरघाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली, त्या मावळभूमीत आपण आला आहात. परंतु लोहमार्गाच्या दुतर्फा जे ज्ञान सुलभ आहे, ते नाणे, आंदर व पवन मावळातील वाड्यावस्त्यांपर्यंत, विशेषतः कातकरी व ठाकर बांधवांपर्यंत, त्या प्रमाणात पोहोचत नाही, ही वस्तुस्थिती आपल्यापुढे मांडणे मी यजमानाचे कर्तव्य समजतो.

शाळेतल्या मुलाला दातांची निगा कोणी तरी शिकवते. शाळा सुटलेल्या प्रौढाला सांगणारा कोणी उरत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची मिश्री जी माउली पहाटे हिरड्यांना लावते, ती बहुधा आईकडून आलेले दंतमंजन म्हणूनच ती लावू लागलेली असते. आणि गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरणारी जखम प्रारंभी पुष्कळदा दुखतच नसल्याने, तिची दखल तत्काळ घ्यावयाची असते, हे तिला कोणी सांगितल्यावाचून कळावे कसे? २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जवळजवळ एकचतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे आढळले, हे ध्यानी घेता हा प्रश्न थोडक्यांचा खासच नव्हे.

डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पुणे जिल्ह्यात घरोघर फिरून १,०१,७६१ ग्रामस्थांची मुखतपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. खेड्यांच्या उंबरठ्यांवरून संपादन झालेले ते ज्ञान जगाच्या विद्वत्तेच्या दप्तरी रुजू झाले. त्या उंबरठ्यांचे ऋण फेडावयाचे, तर ते लोकांच्या बोलीत, अक्षरओळखीची अट न घालता, त्याच वाटेने परत गेले पाहिजे. तालुका कचेरीच्या भिंतीवरील इत्तला साक्षरापुरतीच असते. म्हणून आशा भगिनींना मुखतपासणीचे रीतसर शिक्षण मिळावे, ग्रामसभेत व आठवडेबाजारात दंतवैद्याने स्वतः बोलावे, आणि संशयित रुग्णाला पुढील उपचारांचे ठिकाण, दिवस व खर्च स्पष्ट सांगितला जावा, असा ठराव या परिषदेने करावा आणि त्याच्या अंमलबजावणीचा प्रारंभ मावळ तालुक्यातून करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्या कार्यास लागेल ते साहाय्य देण्यास आमची समिती वचनबद्ध आहे.

आपले पुनश्च स्वागत करून मी अध्यक्षमहाराजांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.