एक डॉलरचे पेटंट



शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी तीन मुले मिळून एखादे यंत्र तयार करतात, आणि प्रदर्शन संपले की ते कोणाच्या घरी न्यावयाचे यावरून भांडतात. मोठ्यांचेही याहून निराळे नसते. इन्सुलिनचीच हकीकत पाहा.

१९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग हे तरुण शल्यचिकित्सक आणि त्यांचे साहाय्यक चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून मधुमेहावरील अर्क काढण्याचे प्रयोग आरंभिले. प्रयोगशाळा प्राध्यापक मॅक्लिऑड यांची. डिसेंबरात जेम्स कॉलिप हे रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या एका मुलास अर्क टोचला. परंतु तो अशुद्ध असल्यामुळे गुण बेताचाच आला. थोड्याच दिवसांत कॉलिप यांस शुद्धीकरणाची रीत साधली, आणि तेथेच ठिणगी पडली. रीत सांगण्याचे त्यांनी नाकारले, स्वतंत्र पेटंटची भाषा केली, आणि प्रकरण हातघाईवर आले, असे बँटिंग व बेस्ट यांचे म्हणणे. अर्थात ही एका बाजूची हकीकत!

२३ जानेवारीस शुद्ध अर्काने त्याच मुलाच्या लघवीतील साखर जवळजवळ नाहीशी झाली. दोनच दिवसांनी चौघांनी आणि औषध तयार करणाऱ्या कॉनॉट प्रयोगशाळेने एका लहानशा करारावर सह्या केल्या. कोणीही परस्पर पेटंट घ्यावयाचे नाही, व्यापारी कंपनीशी संधान बांधावयाचे नाही, आणि धोरण बदलावयाचे तर आधी सर्वांनी एकत्र बसावयाचे. मैत्रीच्या भरवशावर कोणी राहिले नाही, हे मला त्यातील शहाणपण वाटते. मैत्री त्या वेळी उरलीच कोठे होती?

मग पेटंट घेतलेच का? कारण आपण न घ्यावे तर दुसऱ्याने घ्यावे आणि सर्वांनाच अडवावे, ही भीती होती. आपले पेटंट केवळ इतरांची मक्तेदारी रोखण्यासाठी असावे, असे संशोधकांनी विद्यापीठास कळविले. वैद्याने औषधाचे पेटंट घेणे बँटिंग यांस धर्मबाह्य वाटे. त्यांचे नाव नाइलाजाने मागाहून घालावे लागले. १९२३ च्या जानेवारीत बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठास दिले. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाकरिता अमेरिकेतील एलाय लिली कंपनीशी १९२२ मध्येच करार झाला होता, तोही एका वर्षापुरत्या एकाधिकाराचा. त्यानंतर इतर कंपन्यांनाही परवाने मिळाले.

हक्काची व्यवस्था अशी लागली. श्रेयाची मात्र कागदावर कोठेच नव्हती. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड या दोघांनाच जाहीर झाले. बँटिंग संतापले, आणि आपल्या रकमेचा अर्धा वाटा त्यांनी बेस्ट यांस दिला. मॅक्लिऑड यांनीही आपला अर्धा वाटा दिला, तो कॉलिप यांस.