रोज, उक्तं आणि सातबारा



देशातल्या बायका मोठ्या संख्येने कामाला लागल्या, अशी बातमी अलीकडे वरचेवर येते. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीत २०१७-१८ साली ग्रामीण भागातल्या पंधरा वर्षांपुढच्या शंभर बायकांपैकी सुमारे २५ जणी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या. २०२३-२४ मध्ये त्या जवळजवळ ४८ झाल्या. सहा वर्षांत जवळपास दुप्पट! सुरगाण्याच्या एखाद्या आजीबाईंना हे वाचून दाखवलं, तर त्या विचारतील, मग इतकी वर्षं आम्ही काय बसून खात होतो?

आपल्या नाशिक जिल्ह्यापुरतं बोलू. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरात भात-नागलीची कापणी उरकली, की टोळ्या खाली दिंडोरी-निफाडकडे उतरतात. इकडे द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झालेली असते. छाटलेल्या काडीचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची. मग वांझ फुटी काढायच्या, शेंडे खुडायचे, घड जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवायचे. याला खेड्यापाड्यांतही सगळे डिपिंगच म्हणतात. आणि मग सर्वांत किचकट काम, विरळणी. दाटीतले मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. मान वर, हात वर, दिवसभर. यातलं बरंचसं काम बायांच्याच हातचं. त्यांची बोटं नाजूक असतात, असं बागायतदार कौतुकाने सांगतात. मात्र या बोटांचा रोज गड्याच्या रोजापेक्षा कमी का, असं विचारलं की कौतुक आटोपतं. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.

बदल झाला तो वेगळ्याच वाटेने. रोजंदारी मागे पडून उक्तं आलं. एकरी दर ठरवायचा, टोळीने काम उरकायचं. उक्त्यात हात बाईचा की पुरुषाचा, हे मालक पाहत नाही. त्याला एकर पुरा झालेला हवा असतो. हंगाम ऐन भरात असला, की पलीकडच्या गावात काय दर चाललाय, हे बाया मोबाइलवरून विचारून घेतात आणि मग बोलणी करतात. पण पुष्कळदा हिशोब जोडीचा होतो, आणि जोडीचे पैसे नवऱ्याच्या हाती पडतात. रोजात निदान तिची हजेरी वेगळी लागत होती. तेव्हा उक्त्याने बाईचं भलं झालं असं सरसकट म्हणायला मी तयार नाही.

आणखी एक गंमत. निर्यातीच्या बागेला ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात मजुरांसाठी हात धुण्याची व संडासाची सोय असावी अशी अट असते. बाया पिढ्यान्‌पिढ्या आडोसे शोधत होत्या. युरोपातल्या गिऱ्हाइकाला द्राक्षं स्वच्छ हवी झाली, तेव्हा बांधावर संडास उभा राहिला.

शहराची गोष्ट थोडक्यात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जुळणीच्या टेबलांवर मुली दिसतात, पण देशाच्या शहरी भागात काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचा आकडा २०२३-२४ मध्येही शंभरात २८ च होता. २०२४ च्या वेळवापर पाहणीत दिसलं, की स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात रोज २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की पहिल्या पाळीला सातला हजर राहणं कुणाला सोपं, ते वेगळं सांगायला नको.

आता सुरुवातीच्या दुपटीकडे येतो. वाढलेल्या बायका मुख्यतः पगारी नोकरीत गेलेल्या नाहीत. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ ३७ जणी घरच्याच शेतीत-धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. मदतनीस! बागेत मजूर सांभाळायचे, त्यांचा चहा करायचा, औषधाच्या पाण्याची टाकी भरून ठेवायची, कांद्याची चाळ भरायची, आणि कागदावर ती नवऱ्याला मदत करते.

याच जिल्ह्यात, चांदवडला, ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. शेतकरी बायका लाखोंनी आल्या होत्या. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी तिथून जो विचार पुढे नेला, त्याला काही वर्षांनी लक्ष्मीमुक्तीचं रूप आलं: बायकोच्या कष्टाचं देणं म्हणून जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील, ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. पुढे सरकारनेही याच नावाची योजना काढली. मजुरीच्या दरावर भांडणारे पुष्कळ होते, आहेत. चांदवडच्या मांडवातून निघालेली वाट मला अधिक मुळाशी जाणारी वाटते, कारण पीककर्ज, सोसायटीचं सभासदत्व, विमा, नुकसानभरपाई या सगळ्यांचा रस्ता सातबाऱ्यावरून जातो. गारपिटीने बाग झोपली, तर पंचनामा खातेदाराच्या नावाने होतो. विरळणी कुणी केली, हे पंचनाम्यात येत नाही.

लेकीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला, देशाच्या अकरा वर्षं आधी. तरी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतच राहतात. बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय मात्र नवऱ्याच्या हयातीत होते. अर्ज त्यानेच करायचा असतो. आपल्या गावात तो किती जणांनी केला, हे कळायला तलाठ्याकडे जायचीही गरज नाही. सातबारा आता मोबाइलवर दिसतो.