राजधानीत एक दिवस

श्रोतेहो, पाहुण्यास गाव दाखविणे ही एक कला आहे, आणि ती आपणांस उत्तम साधली आहे अशी प्रत्येक पुणेकराची मनोमन समजूत असते. पाहुणे उतरले की रात्रीच यादी तयार होते : कसब्याचा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, केळकर संग्रहालय, पाताळेश्वर, आगाखान महाल, वानवडीची शिंद्यांची छत्री आणि सायंकाळी पर्वती. यादी जितकी लांब तितके यजमानाचे समाधान मोठे. माझाही परिपाठ हाच होता. दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण मुलांना घेऊन नागपूरहून आली, तेव्हा ही नऊही स्थळे मी एका दिवसात उरकली. रात्री पानावर बसताना भाच्यास विचारले, "काय रे, सगळ्यांत काय आवडले?" तो म्हणाला, "मस्तानी." मला धन्यता वाटली. पण ती धन्यता पहिल्या घासापुरतीच टिकली. कारण त्याला आवडलेली मस्तानी बाजीरावसाहेबांच्या इतिहासातली नसून, दुपारी पेल्यातून प्यालेली, वर आइस्क्रीमचा गोळा घातलेली होती!

यंदा ही मंडळी पुन्हा आली. या खेपेस मी यादी केली नाही. एका दिवसात पायी होतील तेवढीच ठिकाणे पाहावयाची, आणि माझ्या आईलाही बरोबर न्यावयाचे, एवढेच ठरविले. आईचे वय ऐंशीच्या पुढे. गेल्या खेपेस आम्ही तिला घरी ठेवून गेलो होतो. "तुला झेपायचे नाही," असे मीच म्हणालो होतो, आणि ती काही बोलली नव्हती.

सकाळी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापुढे उभे राहिलो. त्या अजस्र कवाडांवरचे हत्तीला थोपविणारे अणकुचीदार खिळे पाहून भाचा खूष झाला. देवडी ओलांडून आत आलो. समोर हिरवळ, फरसबंद वाटा आणि ओळीने मांडल्यासारखी दगडी जोती. तो इकडे तिकडे पाहू लागला आणि म्हणाला, "मामा, वाडा कुठे आहे?"

श्रोतेहो, या प्रश्नाला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. छत्रपतींची गादी साताऱ्यास होती. परंतु राज्याचा कारभार ज्या ठिकाणाहून चालत असे ते ठिकाण हे. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी येथे पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवारचे. पुढे पिढ्यान् पिढ्या चौक वाढले, दिवाणखाने सजले, सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे झाले. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी या वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील सारे लाकूडकाम जळून गेले. तट राहिला, बुरूज राहिले, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना राहिला. वाडा मात्र शंभर वर्षेही पुरा टिकला नाही. हे सर्व मी भाच्यास सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "म्हणजे आपण वाडा नसलेली जागा पाहायला आलो."

तेवढ्यात भाचीने दुसरा विषय काढला. ती तेरा वर्षांची आहे. पौर्णिमेच्या रात्री येथे कोणाची तरी किंकाळी ऐकू येते, हे तिला मैत्रिणीकडून कळले होते. आपण वडील माणसे अशा वेळी एक तर हसतो, नाही तर त्या भुताच्या गोष्टीला आणखी मीठमसाला लावतो. मी दोन्ही टाळले. तिला जोत्याच्या कडेला बसविले आणि घडले ते सांगितले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना याच वाड्यात गारद्यांनी ठार मारले. जीव वाचविण्यासाठी ते ज्या चुलत्याकडे धावले, त्या रघुनाथरावांवरच कटाचा आळ आला. परंतु गोष्ट येथे संपत नाही. रघुनाथराव स्वतः पेशवे झाले असतानाही न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी ठरविले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर निघून गेले. भाचीने विचारले, "मग ही गोष्ट मला कुणी का नाही सांगितली? किंकाळीचीच का सांगितली?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. किंकाळी सांगणे सोपे असते, एवढेच मला त्या क्षणी सुचले.

तेथून लाल महाल हाकेच्या अंतरावर. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाएस्तेखानावर छापा घातला तो येथे. मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला. आज दिसते ती इमारत महानगरपालिकेने विसाव्या शतकात उभारली आहे. हे मी मुलांना आधीच सांगून टाकले. नवे बांधकाम जुने म्हणून दाखविल्याने इतिहासाचा मान वाढत नाही, आणि मुलांना पुढे खरे कळते तेव्हा आपला मान मात्र कमी होतो.

पुढे बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीचे दर्शन घेतले आणि समोरच्या बाजूस गेलो. ज्या भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तो येथे होता. मोडकळीस आलेली ती जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरात पाडण्यात आली आणि जागा राष्ट्रीय स्मारकासाठी घेतली गेली. "येथेही वाडा नाहीच," भाचा पुटपुटला. पण माझी बहीण त्या जागेपुढे बराच वेळ उभी राहिली. ती स्वतः शिक्षिका आहे. तिने मुलीला सांगितले, की सावित्रीबाई शिकवायला निघाल्या म्हणजे वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकीत. मग तिने सहज हिशेब मांडला : पेशवाई बुडाली १८१८ साली, शाळा निघाली १८४८ साली, मध्ये तीसच वर्षे, आणि शनिवारवाड्यापासून येथवर अंतर काही मिनिटांचे. जेथे एके काळी विद्वानांना दक्षिणा वाटली जाई, त्याच शहरात मुलीच्या हाती पाटी देणे हे पातक ठरले होते. राजधानी दाखवायची तर तिचे वैभव दाखवावे आणि हेही दाखवावे. भाची काही बोलली नाही. मात्र रोज सकाळी शाळेची बस आली की कुरकुरणारी हीच ती मुलगी, हे तिच्या आईच्या आणि माझ्या एकदमच ध्यानी आले.

विश्रामबागवाड्याने भाच्याचे थोडे समाधान केले. येथे उभा वाडा आहे, निदान त्याचा दर्शनी भाग तरी आहे. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा घातली. १८७९ मध्ये यालाही आग लागली. सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आणि सज्जा पाहून मुलांना प्रथमच कल्पना आली, की शनिवारवाड्याच्या त्या उघड्या जोत्यांवर काय उभे असेल. म्हणून मी सुचवीन, की हे दोन वाडे एकाच दिवशी, याच क्रमाने पाहावेत. पहिल्या वाड्याने डोळ्यांपुढे केलेली रिकामी जागा दुसरा थोडीफार भरून काढतो.

बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो. येथपर्यंत मार्गदर्शक मी होतो. दाराच्या आत पाऊल पडताच ते पद माझ्या हातून गेले.

पहिल्याच दालनात दिव्यांपुढे आई थांबली. "ही समई, हा लामणदिवा, ही निरांजने. लामणदिवा साखळीला टांगायचा, म्हणजे वाऱ्याने हलला तरी तेल सांडत नाही." पुढे अडकित्त्यांचे कपाट आले. घोड्याचा, मोराचा, जोडप्याचा असे नाना आकार. मग पाय घासण्याच्या वज्ऱ्या. भाचीला ती खेळणी वाटली. आईने पदर सावरून टाच घासण्याची रीत करून दाखविली, तेव्हा शेजारची दोनचार परकी माणसेही ऐकत उभी राहिली. विळी, सोऱ्या, फणेरपेटी, दौत, सोंगट्यांचा पट – चिठ्ठी वाचण्यापूर्वीच ती नाव सांगे, आणि नावापाठोपाठ तिच्या माहेरच्या घराचा एकेक कोपरा बाहेर येई. ऐंशी वर्षांच्या या बाईस "झेपायचे नाही" असे म्हणून मी घरी ठेवले होते!

एका फणेरपेटीपुढे मात्र ती गप्प झाली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "अशीच माझ्या सासूबाईंची होती. घर बदलले तेव्हा मोडीत दिली आपण." त्या वेळी 'मोडीत द्या' असे सांगणारा मी होतो. ती हे विसरली नव्हती. तिने ते सांगितलेही नाही.

मुलांना मी या संग्रहालयाची गोष्ट सांगितली. दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. लोक ज्या वस्तू अडगळ म्हणून टाकीत, त्या त्यांनी गावोगाव फिरून मिळविल्या. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि साऱ्या संग्रहाला त्यांनी त्याचे नाव दिले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी येथे ते दालन पुन्हा उभे केले. वीस हजारांवर गेलेला हा संग्रह १९७५ साली त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला आणि १९९० साली ते निवर्तले. भाचा दाराशी थबकला. पाटीवरील 'राजा' ही कोणा राजाची पदवी आहे अशी त्याची समजूत होती. "म्हणजे तो माझ्याएवढा मुलगा होता?" त्याने विचारले. "तुझ्याहूनही लहान असेल," आई म्हणाली.

ऊन उतरल्यावर पर्वतीच्या पायथ्याशी गेलो. आई खाली बाकावर बसली. आम्ही एकशे तीन पायऱ्या चढून वर गेलो. नानासाहेब पेशव्यांनी हे देवालय बांधले. पानिपतचा घाव बसल्यावर त्याच वर्षी, २३ जून १७६१ रोजी, येथेच त्यांनी प्राण सोडला. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावांनी या टेकडीवरूनच पाहिली, असे सांगतात. खाली दिवे लागू लागले होते. भाच्याने शनिवारवाडा कोणत्या बाजूस ते विचारून घेतले आणि बराच वेळ तिकडे पाहत राहिला. या खेपेस "वाडा कुठे आहे" असे मात्र त्याने विचारले नाही.

श्रोतेहो, आपल्याकडे पाहुणे येतील तेव्हा यादी आखूड ठेवा. मोकळ्या जागेपुढे उभे राहण्याची लाज वाटू देऊ नका. तेथे काय होते आणि ते का गेले, हे जसे घडले तसे सांगा. आणि घरातील सर्वांत वडील माणसास बरोबर न्या. पायऱ्या त्यांना चढवणार नाहीत कदाचित. पण संग्रहालयातील निम्म्या वस्तूंची नावे त्यांनाच ठाऊक असतात.

त्या रात्री घरी आल्यावर आईने माळ्यावरून एक जुना पितळी अडकित्ता काढावयास लावला. भाचीने तो चिंचेने घासून लख्ख केला. मग आजीने सांगितले आणि नातीने वहीच्या कागदावर लिहून घेतले : हा कोणाचा, कोणत्या गावचा, कोणाच्या लग्नात आलेला. कागदाची घडी अडकित्त्याला दोऱ्याने बांधली. तो आता माझ्या कपाटात आहे. मोडीत देऊ नये, अशी सूचना नातीने कागदाच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवली आहे. आणि ती कोणासाठी आहे, हे मला पुरते समजले आहे.