ताळा पाहायची सवय



रहाटणीच्या जिल्हा परिषद शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. पवनेच्या पलीकडे, पिंपरीत, 1954 साली स्थापन झालेला पेनिसिलीनचा कारखाना होता. अलीकडे आमची शेतं होती. आमच्या गुरुजींनी कारखाना आतून कधी पाहिला नव्हता. तरीही पुढे एका कंपनीत काम करताना मला जे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, ते त्यांनीच शिकवलेलं.

त्यांचा नियम एकच. गणित सुटलं म्हणून लगेच पाटी पुढे करायची नाही, आधी ताळा पाहायचा. समजा, 46 गुणिले 23, उत्तर 1058. 46 मधल्या अंकांची बेरीज दहा, म्हणजे एक. 23 चे पाच. एक पंचे पाच. आता 1058 मधले अंक मिळवा: चौदा, म्हणजे पाच. जमलं! पण कुणी 1058 च्या जागी 1085 लिहिलं, तरी बेरीज चौदाच येते. म्हणून गुरुजी बजावायचे, "एका ताळ्यावर विसंबू नका रे, भागून बघा." आणि फळ्यावर स्वतः गणित सोडवलं, की खडू खाली ठेवून म्हणायचे, "आता माझं तपासा." मोठ्या माणसाचं तपासायचं? पहिल्यांदा वर्गात कुणाचा हात वर गेला नाही. पुढे मात्र चढाओढ लागायची.

आयटीआय करून मी एका कंपनीत लेथवर लागलो. पहिला जॉब काढला की तो आधी आपण मोजायचा, मग इन्स्पेक्टरकडे न्यायचा. मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. पण तो स्वतः शून्यावर आहे का, हे कोण बघणार? पुसायचा, मिटवायचा, रेघ जुळते का पाहायची. नाहीतर दिवसभराचे सगळे जॉब सारखेच चुकतात, आणि एकमेकांशी जुळतात म्हणून बरोबर वाटतात. 1085 चीच गोष्ट!

1982 साली पिंपरी-चिंचवड महापालिका झाली, आमचं गाव शहरात आलं आणि जमिनींचे व्यवहार सुरू झाले. वडीलधारी मंडळी बोलायची गुंठ्यांत, सातबाऱ्यावर आकडे असायचे हेक्टर-आरमध्ये. "आर म्हणजे गुंठाच की," असं सर्रास म्हटलं जायचं. गुंठा 1089 चौरस फुटांचा, आर साधारण 1076 चा. 40 गुंठ्यांचा एकर कुणी 40 आर धरला, तर मालकाची सुमारे 500 चौरस फूट जागा गेली. वर्गातले सोबती कागद घेऊन घरी यायचे, ओट्यावर बसून आम्ही आकडे पुन्हा मांडायचो. पुढे त्याच शेतांवर इमारती उठल्या आणि पोरं फ्लॅट बघू लागली. घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं महारेरा 2017 साली आलं, त्यानंतर कार्पेट एरिया सांगणं बिल्डरला भाग पडलं. त्याआधी सुपर बिल्ट-अपच्या आकड्यात जिना आणि लिफ्टही मोजली जायची. तेव्हाही मी पोरांना म्हणायचो, टेप घ्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा.

पुष्कळांना गणित येतं. पण समोर साहेब, वकील किंवा दलाल बसला की त्याचा आकडा तपासायला संकोच वाटतो. आमचा तो संकोच चौथीतच गेला होता, कारण खुद्द गुरुजींनी फळा आमच्या हवाली केला होता. आज जे शिक्षक ऐकत असतील, त्यांना एवढंच सांगेन: पोरांना तुमचंही गणित तपासू द्या.