कर्जाची मर्यादा आणि कारखान्याचा विस्तार



खामगावची कापसाची बाजारपेठ वऱ्हाडात जुनी आणि नामांकित. जलंबहून खामगावला जाणारा लोहमार्ग १८७० साली सुरू झाला, तो मुख्यतः या कापसासाठीच. या बाजारपेठेच्या आधाराने बुलढाणा जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. अशा कारखान्याला नवे यंत्र हवे असते, त्यातून नफा होईल हेही दिसत असते. तरी खरेदी पुढच्या सालावर जाते. असे का व्हावे?

हंगामाचा हिशेब पाहावा. १७० किलो रुईची एक गाठ बांधण्यास सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरला, तर हजार गाठींच्या कापसाला साडेतीन कोटी रुपये लागतात. शेतकऱ्याचे पैसे लगेच चुकते करावे लागतात. गाठींचे पैसे गिरणीकडून सावकाश येतात. बँकेने मंजूर केलेली कर्जमर्यादा या खेळत्या भांडवलातच संपते. यंत्रासाठी मुदतीचे कर्ज मागावे, तर जागा आणि इमारत आधीच तारण पडलेली. मग मागील हंगामात जे शिल्लक राहिले, तेवढ्यातच भागवावयाचे. म्हणजे यंत्र केव्हा घ्यावे हे त्याची उपयुक्तता ठरवीत नाही, गेल्या वर्षीचा पाऊस ठरवितो.

कारखानदाराला उमेदच नाही, असे यावर पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे नाही. अग्रक्रमाने कर्ज मिळण्यास पात्र अशा लघुउद्योगांच्या यंत्रसामग्रीची मर्यादा १९९८ मध्ये तीन कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली व २००० मध्ये ती एक कोटीवर आणली गेली. अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी एका बँकेच्या कर्जखात्यांवरून या बदलाचा अभ्यास केला. नव्याने पात्र ठरलेल्या उद्योगांनी वाढीव कर्ज केवळ जुनी देणी भागविण्यात घातले नाही. त्यांची विक्री वाढली, नफाही वाढला. उमेद होती, पैसा नव्हता.

बुलढाण्यात तर कर्ज देणारी संस्थाच अडचणीत आली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने परवाना नसलेल्या २३ जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातील नागपूर, वर्धा व बुलढाणा या तीन होत्या.

एक वाट मात्र उपलब्ध आहे. २००७ च्या गोदाम कायद्याने नोंदणीकृत गोदामाच्या पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचा दर्जा दिला. हंगामाचे कर्ज गोदामातील गाठींवर उचलले, तर जागा व इमारत यंत्राच्या कर्जासाठी मोकळी राहू शकते. अर्थात, त्या जागेचा उतारा आणि बिगरशेतीची नोंद बिनचूक असावी लागते. ते काम तलाठी कार्यालयाचे व ग्रामपंचायतीचे आहे. त्यासाठी बँकेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.