फळ्यावरचा सुविचार आणि हातातला खराटा



आपल्या मराठी शाळेचा दिवस परिपाठाने सुरू होतो. प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका म्हटली जाते आणि फळ्याच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहिलेला सुविचार मुले एका सुरात वाचतात. मूल्यशिक्षणाच्या तासाला संवेदनशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, श्रमप्रतिष्ठा हे शब्द मुलांकडून पाठ करून घेतले जातात आणि मुले ते बिनचूक सांगतात. मग मधली सुट्टी होते. डबा कोणाशेजारी बसून खायचा, गडी निवडताना कोणाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचे, कोणाच्या बोलीची नक्कल करून हसायचे, हे तीच मुले ठरवतात. ते ठरवताना आळी, आडनाव, आईवडिलांचा धंदा असे सगळे नकळत मध्ये येते. यात मुलांचा खोटेपणा नाही. सहिष्णुता हा शब्द ती शाळेत शिकली, पण कोणाशी कसे वागायचे हे त्यांनी आजूबाजूला रोज पाहून उचलले. अशी अंगवळणी पडलेली गोष्ट शब्दांनी हलत नाही, तिच्या जागी दुसरी सवयच लावावी लागते. वर्गाने मिळून करायच्या सेवाकार्याचा विचार मी या दृष्टीने करतो.

सेवा म्हटले की बहुतेक शाळांत ठरलेले कार्यक्रम होतात. वृद्धाश्रमाला भेट, रुग्णालयात फळवाटप, जुन्या कपड्यांचे गाठोडे, पूरग्रस्तांसाठी निधी. यांतल्या कशालाही मी वाईट म्हणणार नाही, कारण पूर आला की कपडे लागतातच. पण मुलाच्या मनावर काय उमटते ते पाहा. गणवेशातली मुले रांगेने जातात, एकेक केळे हातात ठेवतात, फोटो निघतो, तासाभरात बस परत फिरते. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मूल या तासाभरात पक्के शिकते. घेणाऱ्याचे नाव त्याला कळत नाही, त्याच्याशी दोन वाक्ये बोलणे होत नाही. आणि त्याच वर्गात एखादा मुलगा असतो, ज्याच्या घरी मागच्याच वर्षी असे गाठोडे आलेले असते. तो त्या रांगेत कुठल्या मनाने उभा राहत असेल, याचा विचार कार्यक्रम आखताना झालेला नसतो. कोणासाठी तरी केलेली सेवा आणि कोणासोबत तरी केलेली सेवा यांत अंतर आहे, आणि मुलांचे वागणे दुसऱ्या प्रकाराने बदलते, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याला आधार आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या आपल्या ग्रंथात मांडले की दोन गटांतली माणसे नुसती एकमेकांच्या नजरेस पडल्याने मने जवळ येत नाहीत. त्यासाठी दोघांचा दर्जा त्या कामापुरता तरी सारखा हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरच्या अधिकाऱ्यांचा त्याला उघड पाठिंबा हवा. फळवाटपाला या कसोट्या लावून पाहा. पहिल्याच कसोटीला ते अडते. आता आपल्याकडचा दाखला. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशातल्या ग्रामीण भागात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांचे क्रिकेटचे सामने भरवले. कोण कोणत्या संघात, हे नशिबावर सोडले होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले की एकाच संघातून खेळलेल्या तरुणांत जातीपलीकडची मैत्री वाढली, पण विरुद्ध संघांत समोरासमोर आलेल्यांत तो लाभ झाला नाही, काही बाबतींत तर परिणाम उलटाच दिसला. मैदान तेच होते, चेंडूही तोच होता. एक धाव काढायला दोघांनी मिळून पळावे लागते की नाही, एवढाच फरक.

दुसरा दाखला दिल्लीचा, आणि तो थेट शाळेतला आहे. सवलतीत सरकारी जमीन मिळालेल्या खासगी शाळांनी काही जागा गरीब घरांतल्या मुलांना द्याव्यात, असा दंडक तिथे २००७ पासून अमलात आला. गौतम राव यांनी या शाळांतल्या सधन मुलांचा अभ्यास केला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुले अधिक उदार निघाली, शाळेच्या मदतकार्यात अधिक उतरली आणि गरीब मुलांना टाळण्याचे त्यांचे प्रमाण घटले. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या आद्याक्षराप्रमाणे पाडले जात. त्यामुळे एकाच वर्गातली काही सधन मुले गरीब मुलांच्या गटात गेली, काही गेली नाहीत. या योगायोगामुळे कळले की परिणामाचा मोठा भाग एका गटात बसून काम केल्याचा होता. नुसते एका छपराखाली आणून भागत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. समतेवर व्याख्याने तिथेही होत असतीलच. पण ज्याने थापलेली भाकरी आपण काल खाल्ली, त्याच्यासाठी आज आपण भाकरी थापायची, या क्रमात शिवाशीव टिकायला जागाच उरत नव्हती.

आजच्या वर्गाला काय करता येईल? पावसाळ्यात डेंग्यूची साथ जवळजवळ प्रत्येक गावाच्या ओळखीची आहे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगत असते. आपल्या कितीतरी गावांत मराठी माध्यमाची आणि उर्दू माध्यमाची शाळा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत, पण त्यांची मुले वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्ही शाळांतला एकेक विद्यार्थी अशा जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीने आठवड्यातून एकदा दहा घरे घ्यावीत, पाच एकाच्या मोहल्ल्यातली आणि पाच दुसऱ्याच्या आळीतली. पिंप, कुंड्या, टायर, फ्रीजमागचा ट्रे तपासायचा, डासांच्या अळ्या सापडल्या की घरच्यांना दाखवून भांडे रिकामे करायचे, रिकामा न होणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडायचे आणि वहीत नोंद करायची. अनोळखी दारात उभे राहिल्यावर त्या आळीतला जोडीदारच कामी येतो. बोलायला सुरुवात तो करतो, चपला कुठे काढायच्या ते तो सांगतो. पुढच्या पाच घरांत या भूमिका उलटतात. आठ आठवड्यांनी अळ्या सापडलेल्या घरांचा आकडा खाली आला की नाही, हे दोघे एकाच वहीत पाहतात. कोणी कोणाला काही वाटले नाही, तरी गावाचे काम झाले.

यावर पालक विचारतील, अभ्यासाचे काय? प्रश्न रास्त आहे. दिल्लीच्या अभ्यासात सधन मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम आढळला नाही, इंग्रजीत किंचित घट दिसली, हे लपवायचे कारण नाही. पण अळ्यांच्या त्या वहीत सरासरी, शेकडेवारी, आलेख, डासाचे जीवनचक्र हे सगळे सहावी-सातवीचेच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेले आहेत, म्हणजे वेळ कुठून काढायचा याचीही सोय आहे. संस्कार हे घराचे काम, असेही काही जण म्हणतात. घर माया शिकवते खरे, पण घरात सगळे आपलेच असतात. परक्याशी वागण्याचा सराव घर कसा देणार? सक्तीचा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात शाळा पूर्ण करण्यासाठी ७५ तासांची सेवा सक्तीची आहे, आणि सक्तीच्या सेवेवर अमेरिकेत झालेल्या संशोधनात असेही दिसले की ज्यांना काम लादलेले वाटते त्यांची पुढे सेवा करण्याची इच्छा ओसरू शकते. तेव्हा तास मोजून गुण देऊ नयेत. काम कोणते घ्यायचे हे वर्गाने चर्चा करून ठरवावे. जोड्या मात्र शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून लावाव्यात, कारण ती निवड मुलांवर सोडली तर मधल्या सुट्टीचेच वाटप पुन्हा होईल.

सर्वांत गंभीर आक्षेप खराट्याचा आहे. श्रमदानाच्या नावाखाली झाडलोट येते, आणि आपल्या समाजात खराटा कोणाच्या हाती द्यायचा याला जातीचा जुना इतिहास आहे. शाळेचे स्वच्छतागृह साफ करायला दलित मुलांनाच लावल्याच्या बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आल्या आहेत. मुली झाडतात आणि मुलगे बाके उचलतात, हे तर इतके सरसकट आहे की कोणाला खटकतही नाही. अशा शाळेत सेवाप्रकल्प विषमता आणखी घट्ट करील, हे मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून खराटा शाळेबाहेर ठेवला तर तो पूर्वी ज्यांच्या हाती होता त्यांच्याच हाती राहतो. गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतः खराटा घेऊन रस्ते झाडत, आणि कीर्तन रात्री होई. आपल्या शाळांत कीर्तन रोज सकाळी होते. झाडण्याची पाळी चिठ्ठीने ठरावी, तिच्यात मुलगे आणि मुली सारखेच असावेत, ती सुविचाराशेजारी फळ्यावर सर्वांना दिसेल अशी लिहावी, आणि तिच्यात सोमवारच्या रकान्यात वर्गशिक्षकांचे नाव असावे.